आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

पीक विमा काढला म्हणून पाऊस पडत नाही, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही. विमा ही नुकसान झाल्यानंतरची गोष्ट. पीक उभे करायचे तर ओल लागते, बियाणे लागते, विहिरीला पाणी लागते. हाच हिशेब आता दवाखान्याच्या विम्याला लावून पाहा. आयुष्मान कार्ड खिशात आले म्हणून गावच्या उपकेंद्रात माणूस येत नाही, की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये सर्पदंशाची लस येत नाही. तरीही आरोग्याचा विषय निघाला की आपली चर्चा कार्डावर सुरू होते अन् कार्डावरच संपते. किती जणांचे कार्ड निघाले, किती राहिले, गावाची टक्केवारी किती! कार्ड दाखवायचे कुठे, आणि कार्डाची वेळच येऊ नये म्हणून काय करायचे, हे प्रश्न मागेच राहतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. योजना वाईट आहे असे कोणी म्हणू नये. हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन किंवा कॅन्सरचा इलाज म्हटले की पूर्वी घरात दोनच पर्याय असत : जमीन विकायची, नाहीतर माणूस घरी आणायचा. १९९७ मध्ये राज्याने दारिद्र्यरेषेखालील लोकांसाठी हृदय, मेंदू, किडनी आणि कॅन्सर यांच्या उपचारांना जीवनदायी योजना आणली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरला मात्र २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. त्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता सरकारने विमा कंपनीला भरला होता. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरी सातबाऱ्यावर योजनेत घेतले गेले. त्यांत आपले दोन्ही जिल्हे आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने राज्यातल्या सर्वच कुटुंबांना, शिधापत्रिका कुठल्याही रंगाची असो, पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचे ठरवले. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सत्तरीपुढच्या सर्व वृद्धांना, उत्पन्न कितीही असले तरी, केंद्राने आयुष्मानमध्ये घेतले.

म्हणजे कागदावर आता कोणी बाहेर राहिलेला नाही. ही लहान गोष्ट नव्हे. पण घरोघरचा खर्च खरोखर थांबला का?

पैसा जातो कुठे?

तुम्ही तुमच्याच घरचा वर्षाचा हिशेब मांडून बघा. ऑपरेशन दहा वर्षांत एखादे. बाकी खर्च कशाचा? तापाची गोळी, सलाईन, रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या दरमहाच्या गोळ्या, तालुक्याला जायचे भाडे, आणि सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी. खिशातून होणाऱ्या आरोग्याच्या खर्चात औषधांचा वाटा सर्वांत मोठा असतो, हे देशातल्या सरकारी पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. आणि नेमका हाच खर्च विमा योजनेत बसत नाही. योजना रुग्णालयात भरती झालेल्याची. यादीतला आजार किंवा शस्त्रक्रिया असली तर पैसे मिळणार. ओपीडीत दाखवून घरी आला तो आपल्या खिशातून देणार.

यातला उलटा न्याय लक्षात घ्या. पन्नाशीतल्या एखाद्या शेतकऱ्याला शुगर निघाली. रोजची गोळी आणि तीन महिन्यांनी एक तपासणी, एवढ्यावर त्याची वीस वर्षे नीट जातात. पण हंगामात गोळी चुकते, हात तंग असला की बंद होते, आणि काही वर्षांनी किडनी जाते. आता योजना धावून येते! आठवड्यात दोन-तीन वेळा डायलिसिस, तोही मोफत. पण डायलिसिसला जाणारा माणूस पेरणी करू शकतो का? कुळव धरू शकतो का? विहीर बांधायला पैसे नाहीत म्हणायचे आणि दर उन्हाळ्यात टँकरची बिले भरायची, त्यातलाच हा प्रकार झाला.

गावच्या आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात, हे खरे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. चांगलाच निर्णय. पण गोळ्यांचा साठा संपला तर फुकटाला अर्थ काय? रुग्णालयाच्या दाव्याला मुदत असते. उपकेंद्रातल्या गोळीला मात्र कोणी हमी दिलेली नाही. पाच लाखांचा हक्क कार्डावर लिहिला आहे, पाच रुपयांच्या गोळीचा हक्क कुठेच लिहिलेला नाही.

विष्णुपुरीने काय सांगितले?

दुसरी गोष्ट नांदेडकरांना विसरता येण्यासारखी नाही. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात लेकरे होती. औषधे नव्हती, माणसे कमी होती, असा आरोप झाला. प्रशासनाने औषधांचा तुटवडा नाकारला, आणि बरेच रुग्ण दुरून, अखेरच्या अवस्थेत आणले गेले होते असे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा हिशेब सरकारकडे मागितला.

दोष कोणाचा, हे ठरवायला चौकशी आहे, न्यायालय आहे. आपण प्रशासनाचेच म्हणणे खरे धरून चालू. रुग्ण दुरून आणि उशिरा आले. का आले? कारण मधल्या वाटेवर त्यांना थांबवून घेणारे ठिकाण नव्हते. परभणी, हिंगोली, यवतमाळ आणि पलीकडे तेलंगणातून माणसे एकाच दवाखान्याकडे धावतात. किनवट-माहूरच्या बाईला नांदेड शंभर किलोमीटरच्या वर पडते. कमी दिवसांचे, कमी वजनाचे बाळ एवढा प्रवास करून येते तेव्हा त्याच्या आईकडे कार्ड आहे की नाही, याने काय फरक पडतो? ते बाळ वाचायचे तर त्याला लागेल ती ऊब आणि ऑक्सिजन तालुक्याच्या रुग्णालयात मिळायला हवा. ही सोय विम्याच्या कागदाने होत नाही. त्यासाठी खाट लागते, नर्स लागते, रात्री जागा असलेला डॉक्टर लागतो.

लातूर जिल्ह्यातही मोठा आजार म्हटले की वाट लातूर शहराकडेच जाते. आणि सीमेवरच्या लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. उदगीर-देवणीकरांना बिदर जवळ, धर्माबादकरांना निजामाबाद, किनवटकरांना आदिलाबाद. केंद्राच्या यादीतले कुटुंब देशात कुठल्याही नोंदणीकृत रुग्णालयात जाऊ शकते. राज्याच्या योजनेतून आत आलेल्याला मात्र परराज्यातले ते रुग्णालय आपल्या यादीत आहे का, हे आधी बघावे लागते. एकच गाव, एकच आजार, अन् कार्डे दोन जातीची.

कार्ड काढण्यातली अडचणही सारखी नाही. केंद्राची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरची. तेव्हाचे एकत्र घर आता तीन चुलींचे झाले, सुना आल्या, नातवंडे झाली. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट भागातला ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गाव सोडतो आणि शिबिर लागते तेव्हा तो पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात असतो. ज्याचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, त्याचेच हात सर्वांत जास्त राबलेले असतात.

दुसऱ्यांनी काय केले?

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. ना श्रीमंत, ना अगदी गरीब, अशा मधल्या देशांनी तो आपापल्या परीने सोडवायला घेतला आहे. त्यांत थायलंडकडे बघण्यासारखे आहे. भातशेतीवर जगणारी गावे, आपल्यासारखेच सावकारी कर्ज. २००२ मध्ये त्यांनी सर्वांना आरोग्य संरक्षण दिले. एका वेळच्या उपचाराला ३० बात घेत, म्हणून लोक तिला तीस बातची योजना म्हणू लागले. पण त्याआधीची वीस वर्षे ते जवळजवळ प्रत्येक तालुक्यात रुग्णालय उभारत होते आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवेची सक्ती करत होते. म्हणजे आधी आड खोदला, मग पोहरा सोडला. शिवाय त्यांनी पैसे देण्याची रीतही वेगळी ठेवली. तालुक्याच्या रुग्णालयाकडे आणि त्याच्या हाताखालच्या केंद्रांकडे जेवढी माणसे नोंदलेली, तेवढ्या माणसांमागे ठरावीक रक्कम बाह्यरुग्ण उपचारासाठी वर्षभराची मिळते. त्यांत तपासणी आली, गोळ्या आल्या. दवाखान्याला माणूस बरा ठेवण्यात फायदा, आजारी पडण्याची वाट बघण्यात नाही. आपल्याकडे रुग्णालयाला पैसे मिळतात ते शस्त्रक्रियेगणिक. मग सुरी जास्त चालली तर नवल ते काय?

मेक्सिकोनेही २००३ मध्ये कायदा करून विमा नसलेल्यांसाठी लोकविमा आणला. कोट्यवधी लोक नोंदले गेले. सरकार बदलले आणि २०२० मध्ये ती योजना गुंडाळली गेली. योजनांची नावे येतात-जातात, ते आपण इथेही पाहिले. बांधलेला दवाखाना आणि भरलेली जागा मात्र सहजी पुसता येत नाही.

आपल्या देशाच्या २०१७ च्या आरोग्य धोरणातही हेच लिहिले आहे. सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, आणि त्यातला दोन-तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर खर्च करायचा. २०२५ गेले, अडीच टक्के काही गाठता आले नाहीत. शहाणपण कागदावर आहेच, ते खाली उतरत नाही.

मग तुम्ही-आम्ही काय करायचे?

मागणी सरळ आहे. विम्याची हमी खालपर्यंत आणा. बीपी, शुगर, मिरगी, दमा या आजारांची औषधे उपकेंद्रात बारा महिने मिळतील, नाही मिळाली तर त्याचा जाब कोणीतरी देईल, अशी हमी योजनेतच हवी. तालुक्याच्या रुग्णालयातल्या जागा भरल्याशिवाय त्या तालुक्यात योजना 'शंभर टक्के' झाली असे जाहीर करू नये.

पण वरच्यांनी करावे म्हणून खालच्यांनी हात बांधून बसावे, असे नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत. आपल्या उपकेंद्रात गेल्या सहा महिन्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या? प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आज किती आहे आणि रात्री ती द्यायला कोण आहे? गाव आरोग्य समितीला आलेला अबंधित निधी कशावर खर्च झाला? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या सदस्यांनी आणखी एक विचारावे. योजनेतून सरकारी रुग्णालयांनाही दाव्याचे पैसे मिळतात. आपल्या रुग्णालयाला किती मिळाले, आणि त्यातून रुग्णांसाठी काय आणले?

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची कार्डे गाव सोडण्याआधी काढून द्या, शिबिराची तारीख त्यांच्या सोयीने ठरवा. आणि ज्यांच्यावर भरती व्हायची वेळ येईल त्यांनी ध्यानात ठेवावे : योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठा. योजनेत बसणाऱ्या इलाजाला पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करून तक्रार नोंदवा, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा.

आडात पाणी नसताना पोहरा कितीही मोठा केला, दोर कितीही लांब केला, तरी वर येतो तो रिकामाच. पोहरा दीड लाखाचा होता, आता पाच लाखांचा झाला. आता आडाकडे बघायची वेळ आली आहे, आणि ते बघायला सुरुवात आपल्याच गावच्या उपकेंद्राच्या दारातून झाली पाहिजे.