पिशाचांच्या हाती दिलेला धर्म
‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ हा १९९१ साली आलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ मला मनापासून आवडतो. त्याच्या पुरवण्यांमधली रक्तविद्या, म्हणजे त्यातल्या पिशाचांची रक्ताची जादू, मात्र खटकते. हैतीच्या वोडू धर्मावरून तिथे ‘वांगा’ नावाची जादू घेतली, आपल्याकडची ‘साधना’ही उचलली. खरा वोडू मात्र वेगळा आहे. त्यात पूजेला आधी वाटांचा राखणदार लेग्बा याला हाक घालतात. मक्याचं पीठ चिमटीतून सोडत पुजारी जमिनीवर त्याचं चिन्ह रेखतो, थेट आपल्या रांगोळीसारखं. हैती सरकारने २००३ मध्ये या धर्माला अधिकृत मान्यता दिली. तो आजही जिवंत आहे. खेळ चालवणाऱ्यांनो, पुढच्या कथेत पिशाचांसोबत एक तरी असा पुजारी आणा, जो आजाऱ्याला झाडपाल्याचं औषध देतो.