आजची भाकर

देवाजवळ आपण बहुधा उद्याचे मागतो. मुलीचे लग्न ठरू दे, मुलाला नोकरी लागू दे, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायची वेळ न येवो. ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत मात्र पोटापाण्याचे मागणे आजच्या भाकरीपुरतेच आहे. बँकेत उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला ते प्रथम बेहिशेबी वाटते. मुदत ठेव, विमा, निवृत्तिवेतन हे सारे उद्याच्या काळजीवरच तर उभे आहे!

हे मागणे अक्षरशः जगू पाहणारा एक कवी साताऱ्यात होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचे पगारी काम सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सारे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. हाती आलेला पैसा उद्यासाठी राखणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. या औदार्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचायला मिळते. टिळक देऊन मोकळे होत. घरातल्या चुलीची चिंता लक्ष्मीबाईंना असे. म्हणून ‘आजचे आज पाहा’ असे सांगणाऱ्याला विचारायला हवे, की बाबा, तुझ्या उद्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर आहे?

बायबलमध्ये मान्नाची गोष्ट आहे. रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांनी तो रोजच्यापुरताच गोळा करायचा. साठविला की त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी, विसाव्याच्या दिवसासाठी, दुप्पट घ्यायची आज्ञा होती आणि तो मात्र नासत नसे. म्हणजे तरतुदीला मनाई नाही. मनाई आहे ती धास्तीपोटी केलेल्या साठ्याला.

तरतूद आणि धास्ती यांतला फरक मिरजेकडे पाहिले की कळतो. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. रुग्णालय बांधणे, नवे डॉक्टर शिकवून तयार करणे हा उद्याचाच विचार. पण मेजावरचा रुग्ण आजचा असतो. हाती शस्त्र असताना मन उद्यावर ठेवून चालत नाही.

आपल्या घरांत नेमके हेच बिघडते. दहावीतल्या मुलाशी आपण फक्त टक्क्यांविषयी बोलतो. गावाकडच्या आईला ‘सुटीत निवांत येतो’ असे सांगत राहतो. कर्जाचे हप्ते वेळेवर जातात. माणसे मात्र थकबाकीत पडतात.

टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. घरीच लिहाय-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. एवढे मोठे काव्य एका दिवसात होत नाही. त्या त्या दिवशीच्या ओळी त्या त्या दिवशी लिहाव्या लागतात. श्रद्धेने आजमध्ये जगणे म्हणजे याहून वेगळे काही असेल, असे मला वाटत नाही. उद्याची तरतूद जरूर करावी, ती दुसऱ्याच्या माथी मारू नये; आणि ती झाली की आज समोर बसलेल्या माणसाकडे पुरते वळावे.