चित्राऐवजी गहू

गव्हाच्या शेताचे चित्र आपण कॅलेंडरवर पुष्कळदा पाहतो. ॲग्नेस डेनेस या चित्रकार बाईंनी मात्र गहूच पेरला, आणि तोही न्यूयॉर्क शहरात! साल १९८२. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला नदीकाठी भराव टाकून केलेली जागा. शेजारी सारी बँका-पेढ्यांची वस्ती. तिथल्या दोन एकरांतले दगडधोंडे वेचले, दोनशे ट्रक माती आणली, हाताने २८५ सऱ्या काढल्या आणि मे महिन्यात बी टाकले. (आपल्याकडे तेव्हा उन्हाने ढेकळे तापलेली असतात. तिकडे वसंतात पेरायचाही गहू असतो.) मग खुरपणी, पाणी, फवारणी, सगळे आलेच.

१६ ऑगस्टला कापणी झाली. हजार पौंडांवर, म्हणजे साडेचार क्विंटल धान्य निघाले. दोन एकरांत एवढेच? असे कुणी विचारील. विचारणाऱ्याने एकदा भरावात पेरून पाहावे!

त्या जमिनीची किंमत तेव्हा साडेचार अब्ज डॉलर सांगत. इतक्या मोलाच्या जागेत बाईंनी पोटाला लागणारे धान्य उभे केले आणि मोठे काय, हे शहराला विचारले. आता तिथे उंच इमारती आहेत. तो गहू मात्र जगातल्या भुकेवरील एका प्रदर्शनातून २८ शहरांत फिरला, आणि लोकांनी त्याचे बी नेऊन ठिकठिकाणी पेरले.