मोजमापाचा बेळगाव धडा आणि सीमेवर तुटणारी नोंद

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. औषध हाताशी असूनही माता दगावतात, कारण किती रक्त गेले हे वेळेत उमगत नाही. कापडात मुरलेल्या रक्ताचा अंदाज नजर चुकवते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह या प्रश्नावर साधे साधन वापरले. मातेखाली अंथरायची प्लास्टिकची चादर, तिला जोडलेली पिशवी आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. नजरेचा अंदाज या मोजमापापेक्षा सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरतो, असे त्यांना आढळले.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण भागात १,६२० मातांवर मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी झाली. गोळ्या देणाऱ्या आणि रक्तस्राव मोजणाऱ्या होत्या उपकेंद्रांतील परिचारिका. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत अशाच चादरीला ठरावीक उपचारक्रमाची जोड देण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

व्यवस्था-अभियांत्रिकीचे मर्म हेच आहे. माहिती अहवालात साठून उपयोग नाही. निर्णय घेणाऱ्या हाताला ती त्याच क्षणी दिसली पाहिजे.

हाच निकष सीमाभागाला लावला की उणीव स्पष्ट होते. कागलला सासर असलेली निपाणीची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. गरोदरपणातील तपासण्या महाराष्ट्राच्या यंत्रणेत, तर प्रसूती कर्नाटकच्या. चंदगडची गरोदर माता बेळगाव गाठते, निपाणीचा रुग्ण कोल्हापूर गाठतो. गोव्यातूनही अनेक जण उपचारांसाठी बेळगावला जातात. रुग्ण सीमा ओलांडतो, पण त्याची नोंद त्याच्याबरोबर येईलच याची शाश्वती नसते. रक्तक्षय असलेल्या मातेच्या बाबतीत ही त्रुटी जिवावर बेतू शकते, कारण थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकने आक्षेप नोंदवला. सार्वभौमत्वाच्या त्या वादात आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीचा प्रश्न मागे पडला. वास्तविक त्यासाठी सीमाप्रश्न सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आधीच्या प्रसूतीतील गुंतागुंत एवढा तपशील मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत एकाच कार्डावर असावा. सीमेलगतच्या तालुक्यांतील आरोग्य अधिकाऱ्यांनी दरमहा जोखमीच्या मातांची यादी परस्परांना द्यावी आणि कोणत्या गावातून कोणत्या रुग्णालयात किती माता जातात, याचा एकच नकाशा दोन्ही बाजूंनी वापरावा.

जगाला मोजमापाचा धडा देणाऱ्या जिल्ह्याला एवढे जमणे अवघड नाही. प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, दोन सरकारांच्या इच्छाशक्तीचा आहे.