कोणत्या मातीत मिळेल?

एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच मोठ्या आत्मविश्वासाने असे प्रतिपादन केले की, प्लास्टिकच्या कचऱ्याचा प्रश्न रसायनशास्त्राने आता निकालात काढला आहे. मक्याच्या अगर उसाच्या शर्करेपासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पिशव्या सरसकट वापराव्यात, त्या मातीत आपोआप मिसळून जातील, आणि मग बंदीचे हुकूम, वर्गीकरणाची कटकट व दंडाच्या पावत्या यांचे प्रयोजनच उरणार नाही. शास्त्राचा असा जयघोष करणाऱ्याने त्या शास्त्राची पहिली चार पाने तरी वाचावयास हवी होती.

बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, आयुष्य त्याच्या साखळीतील बंधांवर, आणि त्या बंधांपर्यंत पाणी, उष्णता व जंतू पोहोचतात की नाही यावर ठरते. पॉलिथिनची साखळी निव्वळ कार्बन-कार्बन बंधांची असल्याने जंतूंच्या विकरांना तिच्यात सहज शिरकाव नाही. पॉलिलॅक्टिक आम्लातील एस्टर बंध मात्र पाण्याने तुटू शकतात, आणि इथपर्यंत गृहस्थांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु हेच बहुवारिक सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखे ताठर राहते. त्याच्या साखळ्या जागच्या जागी जखडलेल्या असतात, आणि त्या तुटून पुरेशा आखूड झाल्यावाचून जंतूंना त्यांवर उपजीविका करता येत नाही. म्हणूनच अशा मालाची प्रमाणित चाचणी साधारण 58 अंशांवर, ओलावा व प्राणवायू राखलेल्या खतात होते, आणि तीत सहा महिन्यांपर्यंत मुदत दिलेली असते. मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात ही उष्णता टिकविता येते. मुठेच्या गाळात, अरबी समुद्राच्या पाण्यात किंवा घरामागच्या खड्ड्यात ती कोण टिकविणार? 26 जुलै 2005 रोजी मुंबईत पाणी तुंबले तेव्हा गटारांत अडकलेल्या पिशव्यांकडे सर्वांनी बोट दाखविले; सहा महिन्यांनी विरणारी पिशवीही त्या दिवशी गटार तितकेच तुंबविती.

शिवाय ही नवी वस्तू जुन्या भंगारात शिरली की भंगारवाल्याची कमाई बुडते: पॉलिथिन पाण्यावर तरंगते, पण पॉलिलॅक्टिक आम्ल व बाटल्यांचे पेट दोन्ही बुडतात, आणि पेट वितळविण्याच्या उष्णतेत ते आम्ल करपून सगळा माल नासविते.

असला उत्साह मी पूर्वीही पाहिला आहे. पॉलिथिनमध्ये कोबाल्ट, मँगॅनीज यांचे क्षार मिसळले की उन्हात पिशवीचा भुगा होतो, आणि भुगा दिसेनासा झाला म्हणजे कचरा संपला, असे आग्रहाने सांगणारे तेव्हा कमी नव्हते. युरोपात 2019 साली अशा मालावर बंदीचा कायदा झाला. इकडच्या प्रचारकांनी मात्र आपले शब्द कधी मागे घेतले नाहीत.

माझे म्हणणे थोडके आहे. खतात जाणारी पिशवी ओला कचरा भरण्यापुरती ठेवावी. महाराष्ट्राच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनेही घनकचरा हाताळणीसाठी तिला सवलत दिली होती. बाकीची वेष्टने शक्यतो एकाच बहुवारिकाची करावीत, कारण चिकटविलेले थर भंगारात वेगळे करता येत नाहीत. आणि ज्या गावात खतप्रकल्प नाही तेथे ही पिशवी विकण्याचा परवाना देऊ नये.