लाखोळी बदनाम, पण बियाणं कुठं आहे?

धान कापणीला आलं आणि बांधीत ओल असली की उभ्या पिकातच लाखोळी फेकायची. पुन्हा नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. नागभीड-ब्रह्मपुरीपासून पार आरमोरीपर्यंत झाडीपट्टीत हे चालत आलंय. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि डाळीचे वडे खाऊनच मी वाढले, पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. ‘लाखोळी खाल्ली की पाय जातात’ असं कुणी म्हटलं, की मी विचारते: किती खाल्ली, आणि सोबत काय होतं?

विष तिच्यात आहेच. ओडॅप नावाचं हे अमिनो आम्ल 1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेगळं काढलं गेलं. मेंदूतल्या पेशी ग्लुटामेटमार्फत एकमेकींना निरोप धाडतात. ओडॅप दिसायला त्याच्यासारखंच. त्याच्याच जागी बसतं आणि चेतापेशीला उसंत देत नाही. पेशीत शिरलेले क्षार उपसायला ऊर्जा लागते. ती तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या साखळीतली पहिली कडीच ओडॅप अडवतं, हे निम्हान्स या मेंदूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1993 मध्ये दाखवलं. खर्च वाढलेला आणि मिळकत बंद, अशी पेशीची गत. पायांना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात, पाय ताठ होतात. बुद्धी शाबूत राहते. उपचार नाही.

ही वेळ आली कुणावर? 1830च्या सुमारास मध्य भारतातल्या सागरकडे गहू बुडाला, तेव्हा लोक याच डाळीवर जगले आणि लंगडे झाले; इंग्रज अधिकारी स्लीमननं ते नोंदवून ठेवलंय. रीवाकडच्या वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच मिळे. दुसऱ्या महायुद्धात व्हाप्नियार्काच्या छळछावणीत 1942 साली ज्यू कैद्यांपुढं हीच टाकली गेली. यांच्यापैकी कुणालाच दुसरं पुरेसं अन्न नव्हतं.

1961 साली केंद्रानं विक्रीवर बंदी घातली. पेरा काही थांबला नाही. तूरडाळीत आणि बेसनात गुपचूप मिसळणाऱ्यांचं मात्र फावलं. 2016 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं रतन, प्रतीक आणि महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण पुढं केले. सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रानं ते आमच्या बांध्यांत आणावेत, आणि एकदा वाटून मोकळं होऊ नये. मधमाश्यांमुळं गावरान लाखोळीशी संकर होतो, म्हणून बियाणं बदलत राहावं लागतं.

तोवर घरी एवढं करा: डाळ गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि रोज हीच न शिजवता तूर, मूग, उडीद आलटूनपालटून घ्या.