दंश, दाह आणि घरगुती उपाय

बालाघाटाच्या डोंगरकुशींत राहणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यांतील लोकांस विंचू, गांधीलमाशी आणि खाजकुहिली यांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. दगड उचलतांना, सरपणांत हात घालतांना अथवा उसाच्या फडांत पाचट ओढतांना ती आपोआप होते. आमचें म्हणणें त्यांवरील उपायांविषयीं आहे. परंतु प्रथम आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे.

पुष्कळ वर्षें आम्हीं वर्गांत शिकविलें कीं, मधमाशीचें विष अम्ल, म्हणून त्यावर खाण्याचा सोडा. गांधीलमाशीचें अल्कधर्मी, म्हणून त्यावर लिंबू. सूत्र सुटसुटीत होतें. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, विष कातडीच्या आंत आणि सोडा बाहेर, मग दोहोंची गांठ पडते कोठें?" आम्ही निरुत्तर झालों आणि पुन्हां पुस्तकें उघडलीं.

मुंग्यांत अम्ल असतें हें खरें; इंग्लंडांतील जॉन रे यानें १६७१ सालींच त्याची हकीकत प्रसिद्ध केली होती. परंतु मधमाशीच्या विषांतील मुख्य द्रव्य मेलिटिन हें प्रथिनाच्या जातीचें असून तें पेशींचीं आवरणें फोडतें. खाजकुहिलीच्या लवेंत प्रथिनें तोडणारें म्यूकुनेन असतें. अशा द्रव्यांचा प्रताप कातडीवर चोळलेल्या सोड्यानें किंवा लिंबानें नाहींसा होत नाहीं.

मग घरगुती उपाय सर्वच टाकाऊ काय? तसें नव्हे. मधमाशीचा कांटा कसा काढला यापेक्षां किती लवकर काढला यास महत्त्व आहे. त्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. खाजकुहिलीची लव चोळूं नये, पाण्यानें धुवावी. मात्र तोंड सुजलें किंवा श्वास कोंडला, तर क्षणाचाही विलंब न करितां दवाखाना गांठावा.

तांबड्या विंचवाची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याच्या विषानें शरीरांत अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो. घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं महाडच्या परिसरांत असे रोगी उशापाशीं बसून पाहिले, आणि रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध त्यांवर गुणकारी असल्याचें १९८६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत मांडलें. पूर्वीं तीव्र विषबाधेंत शेंकडा तीसपर्यंत रोगी दगावत. या औषधानंतर तें प्रमाण सुमारें शेंकडा एकवर आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

पुष्कळ विंचूदंशांची वेदना कालांतरानें आपोआप ओसरते, आणि श्रेय मंत्रास अथवा पाल्यास मिळतें. परंतु वेदना थांबली म्हणजे विष उतरलेंच असें नव्हे. उतारा करण्यांत, जखम चिरण्यांत, आवळून बांधण्यांत जो तास जातो, तोच लेंकराच्या जीवाचा असतो. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलास विंचू चावल्यास आधीं दवाखान्याची वाट धरावी. उपायांचा वाद मागाहून घालावा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, गुरुजींचें सूत्र पटलें नाहीं, तर प्रश्न अवश्य विचारा. त्या एका प्रश्नानें आम्हांस पुष्कळ शिकविलें.